मंगळवारचा निरंक

आमच्या गावचा पाऊस माझ्या वडिलांच्या ताब्यात आहे, अशी गावाची समजूत होती. शाळेच्या मागच्या मोकळ्या जागेत तारेचं कुंपण घालून एक जस्ती डबा जमिनीत पुरलेला होता. त्याच्या तोंडाला पितळी कड, आत नसराळं आणि नसराळ्याखाली बाटली. सरकारने तो पाऊस मोजायला दिला होता, पण मोजणारा आणि पाडणारा यांच्यात गावाने कधी फारसा फरक केला नाही. सकाळी आठच्या सुमाराला नाना छत्री घेऊन कुंपणाचं फाटक उघडायला निघाले की नदीकडे जाणारं कोणीतरी विचारायचं, "मास्तर, आज किती सोडताय?" चार दिवस उघडीप पडून भाताची रोपं पिवळी दिसायला लागली की तीच माणसं जरा घुश्शात म्हणायची, "डब्याचं झाकन लावून ठेवलंय काय वो?" नाना हसत नसत. "मी फक्त मोजतो," एवढंच म्हणत. पुढे मी हेच वाक्य आयुष्यभर मोठमोठ्या सभागृहांत, जरा लांबवून आणि आलेख दाखवून म्हणत आले, आणि लोकांनी मला शाली दिल्या. नानांना कोणी कधी पंचासुद्धा दिला नाही.

गावाचं नाव मी मुद्दाम लिहीत नाही. कर्जत आणि खालापूर यांच्यामधे, पाताळगंगेच्या काठाला ते आहे, एवढं पुरे. न लिहिण्याचं कारण असं की त्या गावाच्या नावापुढे एक आकडा आज इतकी वर्षं खोटा छापला जातो आहे, आणि तो मी लिहिलेला आहे.

नाना शाळेचे हेडमास्तर होते, म्हणजे दोन मास्तरांपैकी वयाने मोठे. शाळेला लागूनच आमचं बिऱ्हाड: दोन खोल्या, एक पडवी, आणि पडवीवर पत्रा. पावसाळ्याचे चार महिने त्या पत्र्याखाली माणसाचा आवाज पोचत नसे. आई आणि नाना खुणांनी बोलत. मीठ हवं असलं की नाना चिमूट करून दाखवत. आषाढ-श्रावणात आमच्या घरात भांडणं झाल्याचं मला आठवत नाही, कारण ती ऐकू येण्याची सोय नव्हती. कपडे वाळत नसत, म्हणून शेगडीवर वेताचं डालगं पालथं घालून त्यावर एकेक कपडा शेकवावा लागे. माझे परकर, नानांचं धोतर, बाळंत्यासारखे मऊ झालेले पंचे, सगळ्यांना धुराचा एकच वास. पुण्याला कॉलेजात गेल्यावर वसतिगृहातल्या मुली म्हणायच्या, तुझ्या ट्रंकेतून चुलीचा वास येतो. चूक नव्हती त्यांची.

लढाईचे दिवस होते. तांदूळ रेशनचा, त्यात खडे इतके की आई म्हणायची, सरकार खड्यांना चव यावी म्हणून थोडा तांदूळ मिसळतं. दुपारभर सूप मांडीवर घेऊन ती निवडत बसे आणि निवडता निवडता बसल्या जागी डोळे मिटे. जेवायला कुळथाचं पिठलं, नाचणीची भाकरी, परसात आपोआप उगवलेला टाकळा. करटोली मिळाली तर तो सण. आई सतत दमलेली असे, पण ते तिने कधी बोलून दाखवलं नाही. दमणं हे तिच्या लेखी कुंकू लावण्यासारखं रोजचं होतं. हिवताप आमच्याकडे भाडेकरूसारखा राहायचा. आळीपाळीने एकेकाला धरायचा, एक दिवस सोडायचा, परत धरायचा. फडताळात क्विनाइनची बाटली आणि तिच्या शेजारी, कडूपणावर उतारा म्हणून, गुळाचा खडा.

आणि पावसाची वही. लांबट, कापडी बांधणीची, प्रत्येक तारखेला एक रकाना आणि उजवीकडे शेऱ्यासाठी थोडी जागा. नानांचं अक्षर सुरेख होतं. माझं कोंबडीने माती उकरल्यासारखं होतं, म्हणून ते मला स्वतःच्या अक्षरावरून गिरवायला लावत. बाराव्या वर्षापर्यंत मी इतकं गिरवलं की माझं स्वतःचं अक्षर राहिलंच नाही. आजही मी सही केली की ती नानांची वाटते.

आता नानांचं शास्त्र सांगितलं पाहिजे, कारण सगळं त्यावर आहे. सकाळी आठला बाटलीत जे पाणी सापडतं ते कुठल्या दिवसाचं? नानांना यात शंका नव्हती. आपला दिवस सूर्य उगवला की सुरू होतो आणि पुढचा सूर्य उगवेपर्यंत चालतो. "एकादशीची रात्र एकादशीचीच ना?" ते मला म्हणाले होते. "मग सोमवारी रात्री पडलेला पाऊस मंगळवारचा कसा?" म्हणून मंगळवारी सकाळी मोजलेलं पाणी ते सोमवारच्या रकान्यात लिहीत. अकरा वर्षं लिहीत होते. त्यांच्या आधीच्या मास्तरांनी डबा दिला होता, किल्ली दिली होती आणि वहीत खोचलेलं नियमांचं छापील पुस्तक दिलं होतं. पण पुस्तक इंग्रजीत, बारीक टायपात, आणि पाऊस मोजायला नियम कशाला लागतात, असं दोघांचंही मत.

त्या वर्षी मी तेरा वर्षांची होते आणि दोन इंग्रजी पुस्तकं संपवून बसले होते. मला कर्जतला हायस्कुलात घालायचं की नाही यावर घरात चर्चा चालू होती, म्हणजे खुणांनी. आषाढातल्या एका मंगळवारी सकाळी नानांनी पाऊस मोजला, नेहमीप्रमाणे सोमवारच्या रकान्यात लिहिला, आणि संध्याकाळी त्यांना हुडहुडी भरली. तीन गोधड्या घातल्या तरी खाटेचे पाय फरशीवर वाजत होते. बाहेर सकाळपासून पडत होता तो थांबायचं नाव घेत नव्हता. बुधवारी सकाळी नाना डोळे न उघडता म्हणाले, "आठ वाजले असतील."

"मी जाते," मी म्हटलं.

"लवकर ये गं," आई म्हणाली, "चुलीत पाणी आलंय."

मी आयुष्यात पुढे जी काही मोजमापं केली त्यांत ते सगळ्यात कष्टाचं. बाटली भरून वाहिली होती आणि बाहेरचा डबाही काठोकाठ होता. मोजायचा काचेचा पेला अर्ध्या इंचाचा. पेला भरायचा, ओतायचा, परत भरायचा, वरून पाऊस त्यात पडू नये म्हणून अंगाने आडोसा करायचा. मोजणी चुकू नये म्हणून मी घरून चिंचोके नेले होते. दर पेल्याला एक चिंचोका उजव्या खिशातून डाव्या खिशात. शेवटी डाव्या खिशात एकोणीस झाले. साडेनऊ इंच. मी पडवीत येऊन वही उघडली, केसांचं पाणी तिच्यावर पडू नये म्हणून मान तिरकी धरली, आणि हे काम नीट करायचं म्हणून नियमांचं पुस्तक काढलं.

शब्दकोश घेऊन वाचलं. माप ज्या दिवशी सकाळी घेतलं त्याच दिवसाच्या रकान्यात लिहावं, असं त्यात स्वच्छ म्हटलेलं होतं. बुधवारी मोजलं, बुधवारात लिहावं. मी लिहिलं. मग दिसलं की मंगळवारचा रकाना रिकामा आहे. रकाना रिकामा सोडायचा नाही, हा नानांचा दंडक: पाऊस नसेल तर 'निरंक' लिही. सरकारी भाषेत निरंक म्हणजे काही नाही. मला तो शब्द फार आवडायचा. मी मंगळवारपुढे, नानांच्या अक्षरात, निरंक लिहिलं.

या क्षणाकडे मी बरेचदा परत गेले आहे. अंगावरून मंगळवारचाच पाऊस निथळत होता, आईची चूल मंगळवारच्याच पावसाने विझली होती, आणि मी ओल्या हाताने लिहीत होते की मंगळवारी पाऊस पडला नाही. बेपर्वाई म्हणावी तर तसंही नाही. मी फार काळजीपूर्वक लिहिलं. अभ्यासू माणसं असंच करतात. नियम बघतात, रकाना बघतात, बाहेर बघत नाहीत. पुढे अशी पुष्कळ भेटली; त्यांतले काही माझे वरिष्ठ होते.

दोन आठवड्यांनी नाना उठून बसले. वही चाळताना त्यांची नजर अडखळली. "हे एक घर पुढे गेलेलं दिसतंय."

मी पुस्तकातली ओळ दाखवली. त्यांनी खाली बोट धरून ती दोनदा वाचली. चष्मा काढला, पंच्याने पुसला, परत घातला.

"अकरा वर्षं," ते म्हणाले.

बराच वेळ पत्रा वाजत राहिला. मग त्यांनी वही मिटली. "कोणाला सांगू नकोस." दुसऱ्या दिवसापासून ते पुस्तकातल्या नियमाने लिहू लागले. मंगळवारचा निरंक त्यांना दिसला नाही, की दिसूनही सोडून दिला, ते मला माहीत नाही. ताप गेला तरी त्यांच्या हालचालीत तो बरेच दिवस होता. अकरा वर्षं दुरुस्त करायला जेवढं बळ लागतं तेवढं त्यांच्यात नव्हतं, आणि मी आता त्यांच्याहून म्हातारी झाले आहे, त्यामुळे मला ते समजतं.

शाळेच्या बरोबर खाली नदीचा उतार होता, म्हणजे पलीकडे जायची जागा. तिथे कमळूची होडी. कमळू उंच, काळा, सदा कशावर तरी थुंकण्याच्या बेतात असल्यासारखा. पण शाळेच्या पोरांना तो फुकट नेई. मला तो 'डब्याची बाय' म्हणायचा. पलीकडच्या दोन गावांच्या रेशनच्या दुकानांचा तांदूळ बैलगाडीने आमच्या काठापर्यंत येई आणि कमळूच्या होडीतून पलीकडे जाई. त्या मंगळवारी गाडी उशिरा आली. पोती चढवून होईपर्यंत अंधारलं, आणि दिवेलागणीनंतर सरकारी माल नदीत घालायचा नाही असा हुकूम होता. कमळूने पोत्यांवर ताडपत्री टाकली, होडी उंबराच्या मुळाला बांधली आणि तो घरी गेला. पहाटे नदी होडीही घेऊन गेली, पोतीही आणि अर्धा उंबरही.

गाव दोन दिवस हळहळलं आणि पुन्हा लावणीला लागलं. पण दसऱ्याच्या सुमाराला खोपोलीकडे काळ्या बाजारात रेशनचा तांदूळ सापडला आणि कोणीतरी सापडणं आवश्यक झालं. कमळूला धरलं. तांदूळ विकलास आणि होडी स्वतःच सोडून दिलीस, असा आरोप. पूर आला होता, कमळू म्हणाला. कधी? मंगळवारी रातीच्याला. एक हवालदार शाळेत आला आणि त्याने पावसाची वही मागितली. सरकारी माणूस आपली वही बघायला आला याचं नानांना इतकं अप्रूप वाटलं की चालू वर्ग सोडून त्यांनी ती स्वतः उघडून दिली. हवालदाराने उतरवून घेतलं: मंगळवार, निरंक. बुधवार, साडेनऊ इंच. म्हणजे पाऊस बुधवारी आला आणि होडी तर बुधवारी उजाडायच्या आत गेली होती.

आज कोणी म्हणेल, सगळं गाव साक्षीला होतं. होतं की. हवालदाराने विचारलं तेव्हा दहा जण म्हणाले, पाऊस व्हता. कुठल्या वारी? तिथे सगळे गप्प. एक म्हातारा चिडून म्हणाला, "आरं, आखाडात वार कोन मोजतं? पाऊस लागला की उठेपत्तूर एकच वार." ते खरं होतं, पण कागदावर घेता येईना. आणि खरं सांगायचं तर पाताळगंगेला पूर येतो तो घाटावरच्या पावसाने. आमच्या डब्याला नदीबद्दल बोलण्याचा काही अधिकारच नव्हता. हे मी पुढे प्रबंधात चाळीस पानं लावून सिद्ध केलं. तेव्हा कोणी विचारलं नाही.

एके दुपारी कमळूची बायको भागी आमच्या पडवीत येऊन बसली. नाना शाळेतून आले तसा तिने पदर सावरला.

"मास्तर, तुमची वही म्हंते पाऊस नाय पडला."

"वहीत आहे ते आहे, भागी."

"मंग आमचा उंबर काय उंदरानी खाल्ला?"

भागी आईकडे वळली. "वैनी, बुधवारी सकाळी मी इस्तू मागाय आलते ना तुमच्याकडं? माझी चूल इझली व्हती."

"आलीस," आई म्हणाली. "आणि माझीच विझली होती म्हणून तशीच परत गेलीस."

"सा म्हयने घालतील म्हंतात त्याला आत. ह्या वहीवर." भागी नानांकडे बघत नव्हती, फडताळाकडे बघत होती, जिथे वही होती. "मानसं बोलली तर वार इचारतात. वहीला कोन काय इचारत नाय."

ती गेल्यावर आई तिथेच उभी राहिली. पावसाळा संपला होता, पत्रा गप्प होता, त्यामुळे तिचं बोलणं स्पष्ट ऐकू आलं. "तुमची वही कोरडी असेल," ती नानांना म्हणाली. "मी ओली होते."

तेव्हा मी सांगितलं. निरंक मी लिहिला, का लिहिला, सगळं. नानांनी वही काढली आणि त्या एका शब्दाकडे बघत राहिले. त्यांना ते त्यांचंच अक्षर दिसत होतं. सरकारी वहीत पोरीला लिहायला दिलं आणि खाली आपण सही केली, हे बाहेर पडलं तर डबा जाईल एवढंच नाही, नोकरी जाईल, हे मला न सांगता समजलं. आईलाही. ती फक्त म्हणाली, "आणि कमळू?"

नानांना कर्जतच्या कोर्टाचं समन्स आलं. निघताना त्यांनी मला म्हटलं, "चल." का ते सांगितलं नाही. मला वाटलं, माझी साक्ष आहे. रात्री मी ती मनात इंग्रजीतून तयार केली होती. लढाईमुळे पेट्रोल नव्हतं, सर्व्हिस मोटारी कोळशाच्या धुरावर चालत. मागे एक बंबासारखं धूड आणि क्लीनर त्यात सारखं काहीतरी ढोसत असे. चढ आला की उतारूंनी उतरायचं आणि ढकलायचं. नाना एका हाताने ढकलत होते. दुसऱ्या हाताने मेणकापडात गुंडाळलेली वही त्यांनी डोक्यावर धरली होती, जणू आभाळ भरून आलं आहे. आभाळ स्वच्छ होतं. चढ संपल्यावर धाप लागून ते रस्त्याच्या कडेच्या दगडावर टेकले आणि म्हणाले, "तिथे कोणी काही विचारलं तरी तू बोलायचं नाहीस."

कोर्ट म्हणजे मला काहीतरी भव्य वाटलं होतं. खोलीला चुना लावलेला, भिंतीवर राजाची तसबीर, आणि तिच्या चौकटीत चिमणीचं घरटं. कमळू कोपऱ्यात उकिडवा बसला होता. तीन महिन्यांत तो बुटका झाल्यासारखा दिसला. मी मागे भागीशेजारी बसले. सरकारी वकील अंगाने भरलेले, घड्याळाची साखळी बोटाभोवती गुंडाळत होते.

"मास्तर, मंगळवारपुढे काय लिहिलंय ते कोर्टाला वाचून दाखवा."

"निरंक."

"म्हणजे पाऊस पडला नाही."

"पडला," नाना म्हणाले. "लिहिला गेला नाही."

साखळी थांबली. मागे कोणीतरी हसलं. मॅजिस्ट्रेट मान वर करून बघायला लागले.

नानांनी शाळेत समजावतात तसं सांगितलं. बुधवारच्या रकान्यातलं पाणी बुधवारी सकाळी आठला मोजलेलं. म्हणजे ते मंगळवारी सकाळी आठपासून त्या वेळेपर्यंत पडलेलं. साडेनऊ इंच पाऊस होडी जाण्याच्या आधी आणि होडी जात असताना पडला.

"हे तुम्ही आज सांगताय?"

"हे छापलेलं आहे." त्यांनी पुस्तक उघडून ती इंग्रजी ओळ मोठ्याने वाचली. चांगली वाचली. गेले काही महिने ते एकटे असताना तीच वाचत असावेत.

"आणि मग हा निरंक?"

"मला ताप होता. रिकामा रकाना दिसला, भरून टाकला. चूक माझी आहे."

वकिलांनी जरा विचार केला. ते मूर्ख नव्हते. "तुमची ही जी पद्धत आहे, आठ वाजताची, ती त्या एका बुधवारची, की नेहमीची?"

नानांनी पुस्तक मिटलं. भागीला यातलं काही कळत नव्हतं, पण तिने माझं मनगट धरलं होतं. मला मात्र कळत होतं. नाना खरं बोलले असते, की मी अकरा वर्षं दुसऱ्याच पद्धतीने लिहितो आणि हे दोन आठवडे दुसऱ्या कोणी लिहिले, तर वहीतलं काहीच कोणी धरलं नसतं आणि साडेनऊ इंच वाहून गेले असते. नानांनी आयुष्यात शपथेवर बोलायची ती पहिली आणि शेवटची वेळ. त्यांनी घसा साफ केला.

"नेहमीची," ते म्हणाले. "अकरा वर्षं याच नियमाने लिहितो."

कमळू सुटला. नानांना ताकीद आली: सरकारी नोंद ठेवताना दक्षता बाळगावी. ती त्यांनी वहीतच ठेवली. आम्ही परतीच्या मोटारीतून येताना ते सबंध रस्ता झोपले होते; चढावर मी एकटीच उतरले आणि ढकललं.

कमळूची होडी गेलीच होती आणि उताराचा हक्क तेवढ्यात दुसऱ्याला मिळाला होता. थोड्या दिवसांनी तो वालाच्या शेंगांची टोपली घेऊन आला, पडवीच्या पायरीवर ठेवली, आणि नाना शाळेत आहेत म्हटल्यावर उभा न राहता उताराकडे निघाला. मी मागे धावले. मला ते सांगून टाकल्याशिवाय अन्न गोड लागत नव्हतं.

"कमळूदादा, तो निरंक मी लिहिला होता."

"ठावं हाय."

"तुम्हाला कसं?"

"आगं, मी काय आंधळा हाय? खालनं बगत व्हतो ना तुला. कुंपनात उभी राहून खिशातलं चिंचोकं हिकडनं तिकडं करत व्हतीस. म्हनलं, मास्तराची पोर पावसात चिंचोकं का खेळतेय." तो उंबराच्या उरलेल्या खोडाला टेकला. होडी काही नव्हती, तरी सवयीने नदीकडे बघत राहिला.

"मग कोर्टात सांगितलं का नाही?"

"चोर म्हंतो पोरीनं लिवलंय. कोन आयकनार? हसली असती समदी." मग जरा थांबून, "आनि आयकली असती, तर मास्तर घरी बसला असता. तीन म्हयनं मी बसलो तेवढं पुरं."

मी रडायला लागले. त्याला ते आवडलं नाही. "गप गं. शेंगा पोपटीच्या मडक्यात घालून भाज, लई गोड हायेत." आणि चढ चढताना मागे न वळता म्हणाला, "पुढल्या टायमाला लिवायच्या आदी जरा मान वर करून बगत जा, बाय."

त्या उन्हाळ्यात तो माथेरानला गेला, हातरिक्षा ओढायला. मी कर्जतच्या हायस्कुलात गेले, मग पुण्याला, मग हवामान खात्यात. माझ्या संशोधनाबद्दल इतरांनी लिहिलं आहे, ते बहुतेक बरोबर आहे आणि थोडं जास्त आहे. मी जुने आकडे तपासत असे. पाऊस बदलतो आहे की नाही हे सांगायचं तर आधी जुना पाऊस खरा हवा, आणि तो कुठल्या कुठल्या मास्तरांनी, तलाठ्यांनी, स्टेशनमास्तरांनी लिहिलेला, एकोणीस-एकोणीस चिंचोक्यांचा. परिषदांमधून लोक त्यावर फार आत्मविश्वासाने बोलत. मला मात्र प्रत्येक शून्यापाशी थांबायची सवय लागली. सहकारी त्याला माझी शिस्त म्हणायचे.

हिशेबाच्या यंत्रासाठी जुन्या वह्यांतले आकडे भोकं पाडायच्या कार्डांवर घेण्याचं काम माझ्या विभागाकडे आलं, आणि एके दिवशी आमच्या गावची वही टेबलावर आली. माझ्या हाताखालची एक मुलगी घेऊन आली होती. चलाख मुलगी. "बाई, हे बघा ना. आजूबाजूला सगळीकडे मुसळधार, नि इथे निरंक. संशयास्पद आहे. काय लिहू?"

मंगळवारचा खरा आकडा कुठे आहे ते मला माहीत होतं. वरच्याच ओळीत, सोमवारपुढे, नानांनी स्वतः लिहिलेला. तो एक आकडा सरकवायचा तर अकरा वर्षं सरकवावी लागली असती, आणि ती सरकवली की कोर्टातली शपथही सरकली असती. नाना तेव्हा निवृत्त होऊन पडवीत बसून होते. अकरा वर्षं एक दिवस मागेपुढे झाली तर महिन्याच्या बेरजेत काही फरक पडत नाही, हे मी स्वतःला शास्त्रज्ञ म्हणून सांगितलं, आणि ते खरंही आहे. नाना गेल्यावरही मी ते सरकवलं नाही. तेव्हा कुठलं कारण दिलं होतं ते आता आठवत नाही.

मी वही जवळ ओढली. मंगळवारच्या ओळीत उजवीकडे, शेऱ्याच्या जागी, शिसपेनीने बारीक काहीतरी लिहिलेलं होतं. नानांचं आणि माझं अक्षर वेगळं ओळखू शकणारी जगात मी एकटी. ते नानांचं होतं. दोनच शब्द: पाऊस होता.

"कार्डावर शेऱ्याला जागा आहे का गं?" मी विचारलं.

"नाही, बाई. फक्त आकडा."

मी मान वर करून खिडकीबाहेर पाहिलं. पुण्यात लख्ख ऊन होतं.

"मग निरंकच राहू दे," मी म्हटलं.

ती गेल्यावर वही थोडा वेळ माझ्यासमोर तशीच उघडी होती. शिसपेनीचं अक्षर पुसट होत चाललं होतं. मी खणातून शिसपेन काढली, टोक केलं, आणि ते दोन शब्द वरून एकदा गिरवले.